मधमाश्यांना दिलेला शब्द

हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. डॉर्कस माझी शेजारीण, तिनेच मला हे सांगितलं. आणि शेवटचं जे आहे, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

ऑक्टोबरातली सकाळ होती. अमेरिकेतल्या कनेटिकट नदीकाठी गव्हर्नर वॉडहॅम्स यांचं घर.

शेतकऱ्याचा पोर. इंग्रजांशी लढला, मग न्यायाधीश झाला, मग तीनदा राज्याचा गव्हर्नर. ना बायको, ना मूल. डॉर्कस त्यांच्याकडे कामाला, घर सगळं तिच्याच हातात.

आणि डॉर्कसचा धाकटा भाऊ जोथम तुरुंगात. खानावळीतल्या मारामारीत एक माणूस मेला. सुरा कुणाचा ते ठरलंच नाही, फाशी मात्र जोथमला.

आणि तीही दुसऱ्याच दिवशी.

गव्हर्नर अंथरुणाला खिळलेले. आदल्या संध्याकाळी म्हणाले, "रडू नकोस गं बाई. माफीचा कागद तयार आहे, सकाळी सही करतो. आत्ता हात थरथरतोय. जेलर म्हणेल, कागदावर कोंबडी नाचली!"

सकाळी ती मक्याची पेज घेऊन वर गेली...

खोलीत श्वासाचा आवाज नव्हता.

तिने त्यांचा हात धरून पाहिला. गार पडलेला.

आमच्याकडे रीत आहे. घरचा मालक गेला की माणसांच्या आधी मधमाश्यांना सांगायचं. नाहीतर त्या निघून जातात. डॉर्कस बिचारी बधिर होऊन परसात गेली. किल्लीने मधपेट्यांवर टकटक केलं.

"मालक गेले गं बायांनो."

गुणगुण थांबली. एकदम.

आणि मग तिला आठवलं. सही!

तिने कपाळ बडवून घेतलं. आता जोथमला कोण सोडवणार? काय मनात आलं कुणास ठाऊक, तिने पुन्हा किल्ली आपटली.

"चुकले गं मी! मालक आहेत. जिवंत आहेत. माझं ऐका, आहेत ते!"

बराच वेळ काहीच नाही.

मग एका पेटीत... गुणगुण.

मग दुसरीत.

आणि वर खोलीत खुर्ची सरकली.

ती धावत वर गेली. गव्हर्नर मेजापाशी बसले होते. पाठमोरे.

"दौत कुठे ठेवलीस, डॉर्कस? तुला एक काम धड जमत नाही."

तिने दौत पुढे केली. थंडी एवढी, की तिच्या तोंडातून वाफ निघत होती. त्यांच्या तोंडातून मात्र... नाही.

त्यांनी सही केली. हात जरासुद्धा थरथरला नाही.

कागद घेऊन घोडेस्वार गेला. संध्याकाळी डॉक्टर आले, तेव्हा गव्हर्नर पलंगावर होते.

"अगं, हे तर पहाटेच गेलेत! अंग लाकूड झालंय. मला आत्ता बोलावतेस?"

डॉर्कसने मेजावरच्या दौतीला झाकण लावलं.

जोथम सुटून घरी आला. प्रेतयात्रेला आलेल्या बायकांनी विचारलं, "मधमाश्यांना सांगितलंस ना?"

"सांगितलं की," डॉर्कस म्हणाली. पण 'आहेत' म्हटल्यावर पुन्हा 'गेले' असं तिने सांगितलंच नव्हतं. हिंमतच झाली नाही. सांगितलं आणि ती सही पुसली गेली तर?

घर गव्हर्नरांनी तिच्याच नावे ठेवलं होतं; ती तिथेच राहिली. दोघं लग्नाचं विचारून गेले, तिने नकार दिला. घर सोडलं तर पेट्या दुसऱ्याच्या हाती जाणार, आणि तो सांगून मोकळा होणार. भर हिमातही त्या पेट्या गुणगुणायच्या. आणि वर रोज खुर्ची सरकायची. तिला भीतीपेक्षा लाज वाटायची. म्हाताऱ्या माणसाला आपण झोपू देत नाही, म्हणून.

जोथमचं लग्न झालं, पोरं झाली, नातवंडं झाली. मागच्या हिवाळ्यात तो म्हातारा होऊन आपल्याच पलंगावर वारला.

त्याला पुरून आल्यावर डॉर्कस थेट परसात गेली. मी कुंपणापाशी होतो. तिने टकटक केलं.

"मालक गेले. खरंच गेले. झोपू द्या त्यांना."

गुणगुण थांबली. वरची खुर्चीही त्यानंतर कधी वाजली नाही.

मग तिने जोथमच्या घरून तो माफीचा कागद मागवला. इतकी वर्षं चौकटीत, भिंतीवर लावलेला. सही सगळ्या गावाने पाहिलेली. मीही.

तिने तो माझ्यासमोर धरला. मजकूर तसाच. लाखेचा शिक्का तसाच.

सहीची जागा... कोरी.

डॉर्कसने त्या जागेवरून बोट फिरवलं. मग तिने मला विचारलं, "मधमाश्यांना मी हे आधीच सांगितलं असतं, तर जोथम...?"