तड्यावरची पट्टी

दार लोटून घ्या आणि मधे कोणी बोलू नका. हे मी केरबाच्या तोंडून ऐकले आहे, आणि केरबा खोटे बोलणारा मनुष्य नव्हता.

साल एकोणीसशे ब्याऐंशी. ऑगस्टची पंधरा तारीख, रविवार; पोळा चार दिवसांवर. दुसऱ्या दिवशी लातूर वेगळा जिल्हा व्हायचा होता आणि उदगीरहून जीपगाड्या सकाळीच याच सडकेने निघणार होत्या. म्हणून तिन्हीसांजेला ओव्हरसियर शंकरप्पा सडकेवरच्या कामगारांच्या खोलीशी आला.

"केरबा, रातच्याला एक डाव डोंगराच्या कटिंगवर जाऊन ये. पट्टी शाबूत असली तर मला निजू दे. तुटली असली तर उठीव."

"तुमी बी चला की साहेब. दहा वर्सांत वर चढला न्हाईत."

"माझे गुडघे हायत का तसले?" शंकरप्पा हसला. "आन् पट्टी तुझ्याइतकी कुनाला कळती?"

केरबाने मान खाली घातली आणि कंदिलाची काच पुसायला घेतली.

त्या डोंगराची माती कशी आहे ते आधी समजून घ्या. वर लाल जांभा, दगडासारखा घट्ट. त्याखाली पांढरट माती, साबणासारखी. कोरडी असते तोवर ती भिंतीसारखी उभी राहते, आणि माणूस तिच्यावर विसंबतो. तड्यातून पाणी आत गेले की ती पाय सोडते. असा डोंगर पायऱ्या देऊन कापायचा असतो. बहात्तरच्या दुष्काळात सडकेचे काम निघाले, तेव्हा तो उभाच कापला. घाई होती.

वर तडा पडला, तेव्हा उपाय सुचवला तो केरबाच्या बायकोने, चांगुणाने. रोज संध्याकाळी ती तड्यावर शेणमातीची आडवी पट्टी सारवी. सकाळी पट्टी अखंड असली तर कामावरच्या बायकांनी खाली उतरायचे. तुटलेली असली तर डोंगर हलला असे समजून कोणी उतरायचे नाही. तिच्या उजव्या हाताची करंगळी कडबा तोडताना अर्धी गेली होती. सारवणात तीन बोटांच्या लांब रेघा उठत आणि चौथी आखूड.

वैशाखात एका रात्री वळवाची सर आली. दुष्काळातले पाणी, लोकांनी हात जोडले. सकाळी मुकादम केरबा वर गेला. पट्टी अखंड होती. खालून चांगुणाने विचारले, "उतरू का वो?"

"उतर. पट्टी शाबूत हाय."

दुपारच्या आत कडा बसला. पाच बायका गेल्या. चांगुणा सापडली ती तिसऱ्या दिवशी.

कागदावर आले की मुकादमाने पट्टी नीट तपासली नाही. केरबाने ते मान्य केले, कारण तोही स्वतःला तेच म्हणत होता. मुकादमी गेली. पण शंकरप्पाने शब्द टाकून त्याला सडकेवर ठेवून घेतले. केरबा त्याला देवमाणूस म्हणे. त्याच आठवड्यात शंकरप्पाची पोवळ्याची अंगठी विहिरीत पडली म्हणे, तेव्हा केरबा तिच्यासाठी दोन दिवस विहिरीत बुड्या मारत होता.

तर त्या रविवारी रात्री अकराला केरबा कटिंगवर चढला. भुरभुर पाऊस लागला होता. पट्टी त्याने स्वतः घातलेली, आठ दिवसांची.

तड्याशी कोणी बसले होते.

पाठमोरी बाई. हात फिरत होता. शेणाचा वास येत होता.

"कोन हाय?"

त्याने कंदील वर धरला.

हात थांबला. पट्टी फाटली. जुने लुगडे फाटावे तसा आवाज झाला... तिने पुन्हा सारवले. पुन्हा फाटली.

मग तिने हात मागे घेतला. तड्यावर आता कोणाचाच हात नव्हता. तरी शेणमाती सरकत होती... फट बुजत होती... पट्टी अखंड झाली.

केरबा एक पाऊल पुढे सरकला.

बाई वळली नाही. फक्त विचारले, "उतरू का वो?"

...

"नगं," केरबा म्हणाला. "नगं, चांगुणा. उतरू नगं."

कंदील विझला. पायाखालून जमीन सरकल्यासारखी झाली. तो मागे पडला. समोरचा कडा खाली गेला... फार आवाज न करता.

उजाडेपर्यंत तो तिथेच बसून होता. तड्याच्या अलीकडची अर्धी पट्टी तेवढी काठावर राहिली होती. तिच्यावर तीन लांब रेघा, चौथी आखूड. आणि आखूड रेघेशेजारी काहीतरी लाल रुतलेले.

ते ढेकूळ त्याने धोतराच्या सोग्यात घेतले आणि शंकरप्पाच्या ओसरीवर ठेवले. शंकरप्पा पांढरा सदरा-टोपी घालून निघण्याच्या तयारीत होता. त्याने पोवळे पाहिले. डावा हात उजव्या हाताच्या मोकळ्या बोटावर गेला.

मग तो ओसरीच्या काठावर टेकला.

"त्या दिशी पहाटं तुझ्याआदी म्याच वर गेलतो," तो शेवटी म्हणाला. "तुटली हुती. मोठे साहेब येनार हुते, काम बंद दिसलं असतं तर... वरून हात फिरवला, केरबा. वाटलं, एक दिवस निभंल."

"दहा वर्सं तुमाला देव म्हनलो मी," केरबा म्हणाला.

खोटे बोलणाऱ्याला निदान उलट विचारता येते. खोटी खूण करणाऱ्याला कोण विचारणार?

केरबाने ढेकूळ उचलले आणि त्याच दिवशी सडक सोडली. अंगठीला कोणी हात लावला नाही. ते ढेकूळ पुढे मीही पाहिले, मुरुडला, केरबाच्या कोनाड्यात. तेव्हा चैत्र होता, अंगणातली माती तव्यासारखी तापलेली. मी बोट लावले.

पट्टी ओली होती.