तिच्या खुर्चीवरची बाई

सकाळचे साडेअकरा वाजले, तशी ती हेडफोन काढून उठली आणि पिशवी घेऊन जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीकडे निघाली. रोजचंच काम. पिशवीत दूध काढायचा पंप, दोन बाटल्या आणि बर्फाची पाकिटं. घरी पाच महिन्यांचा पिल्लू सासूबाईंच्या मांडीवर वाट बघत असायचा. डब्याचं दूध त्याला सोसत नव्हतं. दोनदा दिलं, दोनदा त्याने सगळं ओकून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "दर तीन तासांनी दूध काढलं नाहीत तर आटेल. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

डॉक्टरीणबाईंचं सांगायला काय जातं! कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या कंपनीचं ते तक्रार केंद्र. तिथे जागेवरून उठायचं, तर आधी संगणकावर 'विश्रांती'चं बटण दाबायचं, म्हणजे येणारे कॉल इतरांकडे वळतात. दहा मिनिटं उलटली की साहेबांच्या पडद्यावर तुमचं नाव लाल. आणि विश्रांती कसली? मोडक्या खुर्च्या आणि फिनेलचे कॅन यांच्यामध्ये, कडी नसलेल्या दाराला पाठ लावून बसायचं आणि छातीला यंत्र लावायचं. त्याला विश्रांती म्हणणाऱ्याला एकदा तिथे नेऊन बसवायला हवं होतं. साहेब तसे हसतमुख होते. हसत हसतच म्हणायचे, "बाहेर अर्ज घेऊन रांग लागलीय हो मॅडम."

आदल्या रात्री पिल्लूने डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. पंपाची घरघर ऐकता ऐकता तिला दाराला टेकूनच डुलकी लागली. जाग आली ती दचकूनच. बटण... बटण दाबायचं राहिलंच. संगणकाच्या लेखी ती अजून जागेवर होती, म्हणजे कॉल तिलाच येत असणार आणि रिकाम्या खुर्चीपुढे वाजत असणार. घड्याळात पाहिलं तर पंचवीस मिनिटं झालेली! शर्टाची बटणं वरखाली लावत ती धावत सुटली.

खुर्ची रिकामीच होती. हेडफोन मेजावर होता, पण हातात घेतला तर कानाकडचा भाग कोमट लागला. पडद्यावर सात कॉल दिसत होते. सातही घेतलेले. सातही गिऱ्हाइकं खूश.

"माझ्या जागेवर कोण बसलं होतं गं?" तिने शेजारणीला विचारलं. या शेजारणीला सगळे रेडिओ म्हणत.

"कोण म्हणजे? तूच की. मघापासून बोलतेयस," रेडिओ म्हणाली. "पाणी पी जरा. चेहरा बघ कसा झालाय."

जेवणाच्या सुट्टीत तिने त्या कॉलांचं ध्वनिमुद्रण लावलं. आवाज तिचाच होता. फक्त तिच्या आवाजात असतो तो थकवा नव्हता. जिभेवर साखर ठेवून ती बाई बोलत होती. एक गिऱ्हाईक तीन मिनिटं शिव्या घालत होतं, तरी ही हं, हं करत ऐकत होती. आणि कुठे म्हणून श्वास घेतल्याचा आवाज नव्हता... तिने तीनदा ऐकलं. सातही कॉलांत तेच.

साहेबांनीही ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. "बघा, मनात आणलं तर जमतं! मॅडम सलग बसल्या तर काय काम होतं! तेव्हा यापुढे त्यांची ती साडेअकराची विश्रांती बंद."

"साहेब, ती मी नव्हते."

"लाजताय कशाला?" साहेब हसले. सगळे हसले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंत बाई दूध काढायला दहा मिनिटं मागते, तर तिचं नाव लाल. आणि जिला श्वासही लागत नाही तिला टाळ्या! चार दिवसांत दोन बाटल्यांची एक झाली, एकीची अर्धी. छाती दगडासारखी दुखायची आणि पंप लावला तर थेंब थेंब यायचं. नवरा म्हणाला, "नोकरी सोड ना मग." घराचं भाडं कोण देणार, ते मात्र बोलला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी तीनला सासूबाईंचा फोन आला. "अगं, दूध संपलं. अंग तापलंय त्याचं. रडून रडून घसा बसलाय पोराचा... ये गं."

साहेब म्हणाले, "सहाला शिफ्ट संपली की जा."

ती जागेवर परत आली. हेडफोन काढून मेजावर ठेवला. विश्रांतीचं बटण मुद्दामच दाबलं नाही. बसवा म्हणावं साहेबांना, तुमच्या त्या लाडक्या बाईला! पिशवी उचलून ती सरळ चालू लागली. दाराशी पोचली, तेव्हा मागून तिच्याच आवाजात ऐकू आलं, "नमस्कार, बोला... काय मदत करू?" तिने वळून बघितलं नाही.

घरी येऊन तिने पिल्लूला छातीशी घेतलं. आधी नुसताच चोखत राहिला, मग सावकाश पान्हा फुटला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ताप उतरू लागला. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

साडेसहाला साहेबांचा फोन आला. आवाज एकदम खाली आलेला.

"मॅडम, सगळे गेले. मला दिवे बंद करायचेत. तुम्हाला तीन हाका मारल्या, तुम्ही मान वळवत नाही... म्हणून तुमच्या मागे उभा राहूनच फोन लावला."

"मी घरी आहे, साहेब. साडेतीनपासून."

"मग ही... कोण आहे?"

"तुमची आवडती," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांशी बोलताना तिचा आवाज कापला नाही. "तीन वाजल्यापासून राबतेय. दहा मिनिटं तरी दिलीत का तिला?"

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. साहेब काहीतरी पुटपुटले... मग फोन कुठेतरी आपटला. फोन उचलला गेला, तेव्हा तिच्या कानात तिचाच आवाज होता. तोच साखरेचा, श्वासाशिवायचा.

"शिफ्ट संपली गं. मी निघालेय... माझ्या पिल्लूला आता पाजू नकोस हं. आले की मीच पाजते."

पिल्लूने पिणं सोडलं, मान वळवली आणि बंद दाराकडे बघून खुदकन हसला.