कडी बाहेरून

मी फक्त फोटो द्यायला गेले होते. शिंगणापुरातलं माझं पूजासाहित्याचं दुकान दुपारपुरतं सुनेवर सोपवलं, एसटी पकडली आणि नगरच्या कापडबाजारामागच्या त्या घरी पोचले. तिथला तरुण मालक ओम, त्यानं पणजोबांचं घर होतं तसं नीट करून लोकांना बघायला खुलं केलंय. घरातल्या सगळ्या सुनांचे फोटो त्याला भिंतीवर लावायचे होते. त्यातली एक रंगुबाई, माझ्या वडिलांची आत्या.

तिचं काय झालं ते आधी सांगते. आमच्या गावात घराला चौकट असते, दार नसतं. रंगुआत्या लग्न होऊन या घरात आली, तर कडी लावायचं तिच्या ध्यानातच राहायचं नाही. एकदा रस्त्याकडचं दार उघडं राहिलं, चोरी झाली, आणि सासऱ्यानं तिला जिन्याखालच्या खोलीत कोंडलं. माहेरी निरोप आला, तापानं गेली. तिचा भाऊ, म्हणजे माझे आजोबा, धावत गेले. त्यांनी त्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला नखांचे ओरखडे पाहिले. ते मरेपर्यंत सांगत राहिले, पण कुणी खरं मानलं नाही.

म्हणून मी ठरवलं होतं, ओम त्या दारापाशी खरं लिहिणार असेल तरच फोटो द्यायचा.

ओमनं सागवानी खांब, कोरीव तुळया, रंगीत काचांच्या खिडक्या, सगळं हौसेनं दाखवलं. जिन्याखाली पाटी होती, 'कोठीची खोली'.

"हितं धान्य नव्हतं ठेवत," मी म्हणाले. "दाराला आतनं ओरखडे हुते, ते कुठं गेले?"

"ते होय? उंदरांनी कुरतडलं होतं, मावशी. सुताराकडून रंधा मारून घेतला. कडी मात्र ओरिजिनल आहे हं, पितळेची!" त्यानं दांडी वर उचलून, उजवीकडे ओढून कडी काढून दाखवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्याची उरलेली एकुलती खूण या दीडशहाण्यानं रंध्याखाली घातली, आणि वर पॉलिश! मी तरातरा आत शिरले, दाराच्या मागे हात फिरवायला. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला.

"लाकूड बघा कसलं जाड आहे. आत ओरडलात तरी बाहेर ऐकू येणार नाही," तो हसत म्हणाला, आणि फोन कानाला लावत त्यानं गंमत म्हणून दार ओढून कडी सरकवली.

भर दुपारी मिट्ट काळोख. नव्या पॉलिशचा वास, आणि त्याच्याखाली दमट, जुन्या घामाचा. मी दार बडवलं, त्याला शिव्या घातल्या. कुणी आलं नाही. फळीवर तळवा टेकला, तर लाकडाला खोल चरे होते... आणि ते ओले होते.

तेवढ्यात कडी खुळखुळली. बाहेरून कुणीतरी चाचपडत होतं. वर, खाली, पुन्हा वर...

"ओम?"

अगदी हळू, पोरीचा आवाज आला.

"कशी काढत्यात गं ही... मला येत न्हाई..."

मला रडू फुटलं.

"आत्या," मी म्हणाले, "दांडी वर उचल... आता उजवीकडं वड..."

खट्ट.

दार उघडलं. समोर कुणी नव्हतं. ओम घरातल्या चौकाच्या टोकाला पाठ करून अजून फोनवर बोलत होता. मला बघून त्यानं जीभ चावली.

"सॉरी मावशी, विसरलोच! कडी कुणी काढली?"

"तुझ्या घरच्या सुनंनं. ओरखडे परत आल्यात. जा, बघ जा!"

तो हसला, मोबाईलचा टॉर्च लावून आत गेला. मी चौकात फोटोची पिशवी छातीशी घट्ट धरून उभी राहिले. आता तरी याला लाज वाटेल, असं वाटत होतं.

दार सावकाश मिटलं. दांडी आपोआप वर झाली, डावीकडे सरकली. खट्ट.

आतून काही ऐकू आलं नाही. येत नाही, हे त्यानंच सांगितलं होतं.

राग कितीही असला तरी जीव तो जीव. मी धावले, दांडीला हात घातला. ती हलेना. तिच्यावर आधीच कुणाची तरी गार बोटं होती. मला ढकलत नव्हती, नुसती घट्ट धरून होती...

कडी काढायला तिला मी शिकवलं. लावायला कुणी शिकवलं?