डाव्या कानातलं ‘बस’

दार ओढून घ्या, आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलं. साडू म्हणजे तुमच्या आजीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. एका संगीत शाळेतले पियानो दुरुस्त करणं आणि सुरात लावणं हे त्याचं काम. सगळे त्याला कौतुकाने कानसेन म्हणायचे. दैवाची थट्टा अशी, की या कानसेनाचा डावा कान ठार बहिरा झाला होता आणि उजवाही त्याच वाटेवर होता. हे त्याने कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं.

पियानोत वरच्या एकेका सुराला तीन-तीन तारा असतात. तिन्ही जुळल्या नाहीत तर आवाज थरथरतो. पान्याने तार हळूहळू पिळायची, आणि थरथर थांबली की हात थांबवायचा. सगळा खेळ कानाचा.

बायको होती तोवर त्याचं निभावलं. ती संध्याकाळी शाळेत जायची, त्याच्या डावीकडे गोल स्टूल ओढायची, बुटकी म्हणून ते फिरवून फिरवून उंच करायची आणि पट्टी दाबत राहायची. थरथर थांबली की म्हणायची, “बस.” दुसरं स्टूल उंचावरच अडकलेलं, कित्येक वर्षांत फिरलेलं नव्हतं, म्हणून हा ताडमाड माणूस उभ्यानेच काम करायचा. त्याला वाटायचं, बाईसाहेबांना हौस आहे. तिला त्याच्या कानांचं केव्हाच कळलंय, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. या गोष्टीच्या आदल्या थंडीत ती वारली.

ती रात्र मंगळवारची, चौदा नोव्हेंबर. पियानोच्या हॉलमध्ये मुलांचा सराव नऊपर्यंत चालला होता, त्यामुळे साडेनऊला हा आत गेला. त्याची पोरगी आमच्याकडे झोपायला होती. सकाळी परीक्षा. मुख्याध्यापिकांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं, की मागच्या खेपेला वरचे सूर बिघडलेले होते, पुन्हा तसं झालं तर दुसरा माणूस बघावा लागेल. त्याला दुसरं काही येत नव्हतं. बारा वर्षांच्या पोरीची आई गेलेली, आता बापाची नोकरीही जाणार, हा एकच विचार त्याच्या डोक्यात होता.

खालचे आणि मधले सूर त्याने उजव्या कानावर कसेबसे लावले. पावणेबाराला वरच्या सुरांवर आला. पट्टी दाबली. लाकडाची टकटक तेवढी ऐकू आली. सूर नाही. कान अगदी तारेला भिडवला. नुसती टकटक. पिळलं, सोडलं, पुन्हा पिळलं... तार तुटेल या भीतीने पिळणं थांबवलं.

साडेबाराला तो पियानोवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. आणि जे बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते रिकाम्या हॉलला सांगितलं.

“मला ऐकू येत नाही गं.”

मग नाक पुसलं. उगाचच पट्टी दाबली. पाना फिरवला.

“बस.”

डाव्या कानात. त्या ठार बहिऱ्या कानात.

हात जागच्या जागी थांबला. वळून बघायचं नाही, हे त्याने ठरवलं. बघितलं आणि आवाज गेला तर? पुढची तार. पाना...

“बस.”

पुढची.

“बस.”

वीस सूर. साठ तारा. एकदाही मान वळवली नाही त्याने.

सव्वादोनला शेवटची तार लागली. त्याने पियानोचं झाकण लावलं, दोन्ही स्टुलं भिंतीशी ढकलली, पाना पिशवीत टाकला. दाराशी आला. दिवा मालवला.

“बस.”

आता तर एकही तार पिळली जात नव्हती.

“झालं ना गं सगळं...”

...

“बस.”

जरा जवळून. आणि तेव्हा त्याला कळलं. हा घरचा आवाज. तो दमून घरी आला, की ती अशीच म्हणायची. बस. जरा खाली बस.

खोटं कशाला सांगू, त्याला बसायचं होतं. एक पाऊल अंधारात टाकलंसुद्धा.

“पोरगी एकटी पडेल गं,” तो म्हणाला.



त्याने दार ओढलं. कुलूप घातलं. तीन वाजता आमची कडी वाजवली. सकाळपर्यंत मी त्याच्याजवळ बसून होतो, आणि हॉलची एकुलती एक चावी त्याच्या मुठीत होती.

त्या दिवशी परीक्षकांनी पियानो वाखाणला. साडूने तरीही मुख्याध्यापिकांना आपल्या कानांचं सांगून टाकलं, आणि त्यांनी त्याला वाद्यांच्या कोठीत काम दिलं. पण ते सगळं नंतरचं.

सकाळी सातला कुलूप आम्ही दोघांनी मिळून उघडलं. पडदे ओढलेले. खिडक्या आतून बंद.

स्टुलं भिंतीशी नव्हती.

पियानोपाशी होती... शेजारी शेजारी. डावीकडचं फिरवून फिरवून उंच केलेलं. आणि उजवीकडचं, ते अडकलेलं... साडूसारख्या ताडमाड माणसाला नीट बसता यावं, इतकं खाली उतरवलेलं.

मी ते दोन्ही हातांनी फिरवून पाहिलं. तसूभरही हललं नाही.