न पिवळलेली जागा

खिडकीतली कागदी पिशवी कुरकुरली. घर इतकं गप्प होतं, की तेवढ्यानंही ती दचकली. चहाचा कप तसाच ठेवून ती उठली, जवळ गेली. काही नव्हतं. पिशवीच्या आत कळी उमलत होती आणि पाकळी कागदाला घासत होती, इतकंच.

पांढऱ्या पेटुनियाचं ते रोप तिच्या थोरल्या लेकीनं लावलेलं. बी पेरल्यापासून थोरली रोज माती उकरून बघायची, आणि तिचे बाबा म्हणायचे, "अगं, त्या बियांना जरा झोपू तरी दे!" रोप वीतभर झालं तेव्हा थोरलीला ताप आला. कळ्या धरल्या तेव्हा ती नव्हती.

फुलांमधली फ्लॅवोनॉइड नावाची द्रव्यं ओळखणं हे आईचं प्रयोगशाळेतलं काम. ही द्रव्यं पांढऱ्या फुलातही असतात, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत. पाकळी अमोनियाच्या वाफेवर धरली की पिवळी होते. आत काहीतरी दडलंय एवढं कळतं. वाफ विरली की पाकळी पुन्हा पांढरी. मग अर्क काढायचा, त्याचा ठिपका कागदावर चढवायचा आणि नेमकं द्रव्य कोणतं ते शोधायचं. प्रयोगशाळेतल्या रोपांवर कीड पडली, म्हणून तिनं घरची फुलं न्यायला सुरुवात केली. किड्यांचे पाय नकोत, दुसऱ्या फुलांचे पराग नकोत, म्हणून कळी मिटलेली असतानाच तिच्यावर कागदी पिशवी बांधायची, ही तिथली रीत.

त्या दिवशीची पाकळी तिनं चिमट्यानं वाफेच्या बरणीत सोडली. कडेपासून पिवळा रंग चढत गेला. मध्ये वाटाण्याएवढी जागा मात्र पांढरीच राहिली.

"बोट लावलंस," प्रयोगशाळेच्या मुख्य बाई तिच्या खांद्यावरून बघत म्हणाल्या. "घामाचं तेल बसलं की तिथं वाफ लागत नाही. चिमटे काय शोभेला ठेवलेत?"

"नाही हो बाई, चिमट्यानंच तोडलं."

"मग तुझ्या घरातल्या उंदरानं लावलं असेल. तो दोन पायांचा, फ्रॉक घालणारा."

ती हसली. खरंच, दुसरं कोण असणार?

संध्याकाळी तिनं धाकट्या लेकीला विचारलं, "फुलाला हात लावलास का गं?"

"नाही. तू रागावतेस ना."

"पिशवीची गाठ सोडलीस?"

"मला कुठे गाठ सोडता येते! बूट तूच काढतेस की." आणि धाकटी पुन्हा ठोकळे रचायला लागली.

पुढच्या कळीवर तिनं पिशवी बांधली, वरून चिकटपट्टी लावली, कुंडी कपाटावर चढवली. फूल उमललं तेव्हा चिकटपट्टी जशीच्या तशी होती. बरणीत पाकळी पिवळी झाली आणि पुन्हा तीच जागा कोरी राहिली. या वेळी तिनं भिंग लावलं. बारीक बारीक रेषा होत्या, वळत गेलेल्या. आणि त्यांना मधोमध छेदणारी एक तिरपी रेघ.

डब्याच्या झाकणानं थोरलीचा अंगठा असाच कापला होता. जखम हिनंच धुतली होती, फुंकर घालता घालता "आता बरं होईल" म्हटलं होतं. आणि तेव्हा ते बरं झालंही होतं.

"काय झालं गं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. डोळ्यांत वाफ गेली."

बाई येईपर्यंत पाकळी पांढरी झालेली होती.

तिथं थांबायला हवं होतं. पण पोटच्या पोरीचा अंगठा दिसत असताना थांबणार कोण? अर्क काढायचं बाजूलाच राहिलं. कळी फुलली की ती तोडायची, न्यायची, बरणी गालाशी धरून बघत राहायची. आधी नुसता अंगठा उमटायचा. मग अंगठा आणि एक बोट. मग दोन. जसजशी झाडावरची फुलं कमी होत गेली, तसतसे ठसे ठळक व्हायला लागले. नव्या कळ्या धरेनात.

एका संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं आणि पाकळी त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली.

"पांढरी आहे," तो म्हणाला. "मला नाही दिसत गं."

"वाफेवर दिसतं. खरंच."

"असेल." त्यानं पाकळी जपून परत दिली. "पण तू कळ्या बांधतेस, फुलं तोडतेस. बी धरणार कुठून? एक तरी फूल राहू दे. तिच्या हातचं तेवढंच उरलंय आपल्याकडे."

तिनं शब्द दिला. शेवटच्या कळीवरची पिशवी त्याच्यासमोरच काढली आणि कुंडी खाली, खिडकीत ठेवली. एखादं पाखरू येईल, बी धरेल.

सकाळी तो कामाला गेला. शेजारच्या काकू धाकटीला घेऊन गेल्या. फूल उमललं होतं. वारा नव्हता, तरी ते एका बाजूला झुकलेलं होतं, ओझं लटकल्यासारखं.

एकदाच बघते, असं तिनं स्वतःला सांगितलं. तोवर तिचा हात कात्रीवर गेला होता.

प्रयोगशाळेत या वेळी तिनं अख्खं फूलच बरणीत सोडलं.

कडा पिवळ्या झाल्या.

आत रंग चढेना. तिनं बरणी फिरवली. एका बाजूला अंगठा, त्यावरची तिरपी रेघ. दुसऱ्या बाजूला चार बोटं, एकमेकांना चिकटलेली. फुलाला कुणीतरी मुठीत धरलं होतं. घट्ट. पडता पडता धरावं तसं.

बरणी तशीच टाकून ती घरी धावली.

काकू स्वयंपाकघरात होत्या. "तुझ्याकडेच खेळायचं म्हणाली, म्हणून किल्ली आणून इथंच बसले. गुणाची आहे पोर. आपली एकटीच बोलत असते."

धाकटी खिडकीशी उभी होती. कुंडीत नुसता देठ.

"तू ते पण नेलंस?" धाकटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ताई त्याला धरून उभी राहायची."

तिनं धाकटीला जवळ घ्यायला हात पुढे केले. धाकटी आली नाही. तिनं आपला उजवा हात जरासा बाजूला धरला होता, तळवा वर करून, शेजारी उभ्या असलेल्या कुणाला द्यावा तसा. अजून दिला नव्हता. आधी विचारायचं, एवढं आईनं शिकवलेलं होतं.

"आई, आता तिनं माझा हात धरला तर चालेल?"