उजवीकडची जागा

ऑर्व्हिलची रायफल चौथ्या-पाचव्या गोळीला हटून बसायची. गोळी सुटायची, पण रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी उजव्या बाजूच्या खिडकीतच उभी अडकायची आणि पुढचं काडतूस आत जाईना. रायफल घरीच जुळवलेली. सुटे भाग त्याच्या बायकोने, रोझेलाने मागवले, काडतूस आत ढकलणारा बोल्टही तिनेच घासूनपुसून बसवला, आणि जानेवारीत ती गेली. उरलेलं काम त्याने एकट्याने ऑक्टोबरपर्यंत रेटलं. शनिवारी एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता. बायकोची रायफल घेऊन एकदा तरी डोंगर चढायचा, एवढंच त्याच्या मनाने घेतलं होतं.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर तिचं अक्षर होतं : एका वेळी एकच बदल. त्याने ते इमानाने पाळलं. स्प्रिंग बदलली, मॅगझिन बदललं, तेल वाढवलं, काडतुसं दुसरी आणली. पण पहिले पाढे पंचावन्न.

"दाजी, तो बोल्ट टाका काढून," मेव्हणा ड्वेन म्हणाला. गोठ्यामागे, मातीच्या उंचवट्यासमोर दोघे उभे होते, ड्वेन त्याच्या उजवीकडे. "नवा आणू. ताईच्या हाताला गुण होता, मान्य. पण लोखंडाला त्याचं काय?"

"तो राहू दे."

"मग शनिवारी काठी घेऊन चला."

ऑर्व्हिलने वही उघडली. रोझेला सगळं लिहायची, म्हणून तोही लिहायचा : वारा, थंडी, सोबत कोण. त्याने पानं मागे उलटली. ज्या ज्या दिवशी रायफल अडली, त्या प्रत्येक दिवशी ड्वेनचं नाव होतं. एकट्याने गोळ्या झाडल्या त्या दिवशी ती एकदाही अडली नव्हती. फक्त नंतर एखाद-दुसरी पुंगळी सापडली नव्हती, आणि त्याचा दोष त्याने झुडपांना दिला होता.

"जरा डावीकडे ये."

"का? माझं पोट आडवं येतंय?"

"ये तर खरा."

दहाच्या दहा गोळ्या सुरळीत गेल्या. ड्वेन पुन्हा उजवीकडे आला, चौथी अडकली. डावीकडे गेला, सगळ्या सुटल्या.

ड्वेनचं हसू विरलं. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"ताई तिथेच, उजवीकडे उभी राहायची ना? टोपी उलटी धरून?"

ऑर्व्हिलने मान डोलावली. पुंगळ्या पुन्हा भरून वापरायच्या असत, म्हणून ती त्या मातीत पडू देत नसे. आपल्या नारिंगी टोपीत हवेतच झेलायची. अठरा वर्षं प्रत्येक गोळीमागे तो मऊ टप् असा आवाज त्याने ऐकला होता. घरातल्या कुठल्याही आवाजापेक्षा त्याला तोच जास्त आठवायचा.

"तुम्ही झाडा," ड्वेन म्हणाला. "मी गाडीत बसतो." कॉफीचा थर्मास तिथेच विसरून तो गेला.

वारा पडला होता. ऑर्व्हिलने मॅगझिन लावलं. उजवीकडे बघावंसं त्याला फार वाटलं. पण त्याने मान वळवली की ती रागवायची, 'तू समोर बघ, माझं मी बघते' म्हणायची. तो समोर बघत राहिला.

दहा गोळ्या. एकही अडली नाही.

खडीवर पुंगळ्यांचं पितळ वाजलं नाही. एकदाही नाही.

त्याने खाली पाहिलं. आधीच्या पुंगळ्या वेचून जमीन मोकळी केली होती, ती तशीच मोकळी होती.

रायफल रिकामी करून तो गाडीत बसला. घर अर्ध्या मैलावर होतं. घराचं कुलूप त्यानेच उघडलं.

टोपी जानेवारीपासून स्वयंपाकघरात खिळ्याला होती.

आता ती टेबलावर उलटी ठेवलेली होती. आत दहा पुंगळ्या, तोंडं वर करून, रोझेला ठेवायची तशा उभ्या.

त्याने एकेकीला बोट लावलं. सगळ्या गार झाल्या होत्या. टोपीची कड मात्र, दोन्ही बाजूंनी, धरायच्या जागी, अजून कोमट होती.