टकरांचा नकाशा

हेडली टकरला आयुष्यभर एकच नाद होता, स्वतःच्या आडनावाचा. इंग्लंडात असे छांदिष्ट पायलीचे पन्नास मिळतात. निवृत्त झाल्यावर कुणी गुलाब लावतो, कुणी फलाटावर उभा राहून रेल्वे इंजिनांचे नंबर टिपतो, आणि कुणी आपल्या आडनावाची पृथ्वीच्या पाठीवर जेवढी माणसं असतील तेवढी हुडकून त्यांना पत्रं पाठवत बसतो. डेव्हनमधल्या कलाफर्ड गावातल्या छोट्या घराची मागची खोली हेडलीने या नादाला देऊन टाकली होती. भिंतभर नकाशा आणि त्यावर टाचण्या. १८८१च्या शिरगणतीतले टकर पिवळे, आजचे लाल.

त्याची बायको एव्हिस हिने तीस वर्षं कलाफर्डच्या खोऱ्यात टपाल वाटलं होतं. नावं नवऱ्याची, पत्ते बायकोचे, असा त्यांचा संसार. एव्हिसला छंदाचं कौतुक नव्हतं, पण चुकलेला पत्ता तिला खपत नसे, म्हणून तीही त्यात ओढली गेली.

तसं हे आडनाव धंद्याचं. नवं विणलेलं लोकरीचं कापड विरळ आणि ढिलं असतं. ते पाण्यात तासन्‌तास कुटलं की आटतं, दाट होतं, आणि मग त्यातला एक धागा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. हे काम करणाऱ्याला उत्तरेत वॉकर म्हणत, कारण तिकडे ते कापड पायांनी तुडवत. पूर्वेला फुलर म्हणत. आणि इकडे डेव्हनच्या बाजूला टकर. पुढे पाणचक्कीवर चालणाऱ्या लाकडी मोगऱ्या आल्या. कलाफर्डला तशी गिरणी होती, ती शंभर वर्षांपूर्वी पाडली. उरला तो तिला पाणी आणणारा पाट, आणि ज्या माळावर कापड ताणून वाळवत त्याचं नाव, रॅक क्लोज.

दोन वर्षांपूर्वी हेडली गेला. पत्रांची उत्तरं मात्र येत राहिली, आणि आलेलं पत्र तसंच टाकून देणं एव्हिसच्या स्वभावात नव्हतं. तिने टाचण्या चालू ठेवल्या.

त्या लावताना तिला पहिल्यांदा खटकलं. पिवळ्या टाचण्या डेव्हनात दाटीने होत्या, ते ठीकच. लाल टाचण्या कॅनडापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पांगलेल्या, तेही ठीक. पोटामागे माणूस जातोच. पण गेल्या दहा वर्षांत जी जी लाल टाचणी हलली होती ती एकाच दिशेने हलली होती. टोरांटोचा कुणी लीड्सला आला, लीड्सचा कुणी ब्रिस्टलला, ब्रिस्टलची एक जण टिव्हर्टनला, म्हणजे कलाफर्डच्या दाराशी. प्रत्येकाकडे सांगण्यासारखं कारण होतं. घटस्फोट झाला, मावशीने मरताना घर नावावर केलं, नोकरी मिळाली. पत्ता बदलल्याचे अर्ज एव्हिसने जन्मभर हाताळले होते. माणसं हलतात, पण सगळी एकीकडे तोंड करून हलत नाहीत.

पत्रासोबत जाणाऱ्या फॉर्मच्या शेवटी हेडलीने ‘आणखी काही’ असा रकाना ठेवला होता. लोक त्यात आजोबांचे किस्से लिहीत. आता त्यात दुसरंच येऊ लागलं. मेलबर्नच्या एका दंतवैद्याने लिहिलं होतं की आपल्याला ठोके जाणवतात, एक जड, एक हलका, मग थोडं थांबून पुन्हा. कानात नाही, दाढांत. स्वतःच दंतवैद्य असल्यामुळे हे कुणाला सांगायची लाज वाटते. एव्हिसला हसू आलं. मग तिने जुन्या फायली काढून बघितल्या, तर असे एकोणीस निघाले.

हेडलीही जेवणाच्या टेबलावर बोटांनी हाच ठेका धरायचा. अडतीस वर्षं ती त्याला म्हणत आली होती, पुरे कर ते.

तिसरी गोष्ट तिने तोवर कुणाजवळ काढली नव्हती. जे टकर खोऱ्यात येऊन राहिले होते त्यांच्या फॉर्मवरचं अक्षर एकच होतं. एक निवृत्त खलाशी, एक संगीतशिक्षक, डेअरीत कामाला असलेली एकोणतीस वर्षांची डेलिथ. सगळ्यांचं तेच गोल, दाबून काढलेलं, उजवीकडे कललेलं अक्षर. टपालवाल्या बाईला अक्षराच्या बाबतीत कुणी फसवू शकत नाही. तेच अक्षर तिच्या स्वतःच्या घरातही होतं, हेडलीच्या शेवटच्या वर्षाच्या वहीत. त्या वर्षी तो ‘हेडली’ म्हटल्यावर वळून बघेनासा झाला होता. ‘टकर’ म्हटलं की बघायचा. पोटचा मुलगा भेटायला आला तेव्हा शेजारच्या खुर्चीकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत राहिला. डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार असल्याचं सांगितलं. सत्तरीच्या माणसाला असेलही. पण डेलिथलाही डेअरीत आता तिच्या नावाने हाक मारून उपयोग होत नाही, असं एव्हिसच्या कानावर आलं होतं.

आणि तिचा मुलगा, रोवन, वाटेवर होता.

ॲबरडीनहून यॉर्क, यॉर्कहून ब्रिस्टल. दोन्ही वेळा एव्हिसने हौसेने त्याची टाचणी हलवली होती. आई होती, तिला काय कळणार? मार्चमध्ये त्याचा फोन आला. रॅक क्लोजवर नवी घरं झाली आहेत, त्यातलं एक बघितलंय, बायकोला, नेस्टाला, आता पाचवा लागलाय, बाळ आजीच्या अंगाखांद्यावर वाढेल. तो भरभरून बोलत होता, आणि एव्हिसच्या मांडीवर चहा सांडला तरी तिला चटका जाणवला नाही.

“रोवन, तुझी दाढ दुखते का रे?” तिने विचारलं.

“दुखत नाही गं. नुसती ठोकते. तुला कसं कळलं?”

तिने सगळं सांगायचा प्रयत्न केला. टाचण्या, ठोके, अक्षर. तो शांतपणे ऐकत गेला आणि शेवटी फार मायेने म्हणाला, “आई, बाबांचं खूळ तुझ्या डोक्यात शिरलंय. एकटी राहतेस ना, म्हणून. आम्ही येतोच आहोत.”

त्या मायेपुढे तिने हात टेकले. ओरडला असता तर भांडता आलं असतं.

एप्रिलमधली ती सकाळ लख्ख होती. एव्हिस कुत्र्याला घेऊन पाटाच्या कडेने निघाली. मागून शेजारीण म्युरिएल चग रमतगमत येत होती. वळणावर एव्हिस थांबली. पाटात माणसं उभी होती. अकरा. विजारी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, पाणी घोट्याच्या वर. थंडीने त्यांचे पाय लालभडक झाले होते. कुणी बोलत नव्हतं. सगळी जागच्या जागी पाय उचलून ठेवत होती, डावा जोरात, उजवा हलका, मग थांबून पुन्हा. खलाशी होता, संगीतशिक्षक होता, डेलिथ होती.

“डेलिथ,” एव्हिसने हाक मारली. कुणी मान वर केली नाही.

तेवढ्यात मागून म्युरिएलचा खणखणीत आवाज आला. “अहो मिसेस टकर, कुत्रं आवरा की तुमचं, माझ्या पायांत घुसतंय.”

अकराही माना एकदम वळल्या.

एकाच बाजूला कललेल्या, सारख्याच कोनात. क्षणभर बघून पुन्हा खाली गेल्या. पाय थांबले नव्हतेच.

“कसला हो हा नवा व्यायाम?” म्युरिएल म्हणाली. “डॉक्टर हल्ली काय काय करायला लावतील, नेम नाही.”

“म्युरिएल, यातली डेलिथ कोणती?”

म्युरिएल गावातल्या मेंढ्यासुद्धा नावानिशी ओळखायची. ती बराच वेळ बघत राहिली. “चष्मा घरी राहिला वाटतं,” ती पुटपुटली. “सगळी सारखीच दिसतायत.” चष्मा तिच्या नाकावर होता.

घरी आल्यावर एव्हिस नकाशासमोर बसून रडली. नवरा असा धाग्याधाग्याने गेलेला तिने बघितला होता. मुलाचं तसं बघायची तिची ताकद नव्हती. मग तिला हेडलीची बहीण एनिड आठवली. एनिड लग्न करून टकरची बून झाली, आणि चेष्टेत म्हणायची की चर्चमधून बाहेर पडले तेव्हापासून माझ्या दाढा गप्प झाल्या. एव्हिस स्वतः लग्नाने टकर, तिला कधी काही ऐकू आलं नव्हतं. म्हणजे नुसतं रक्त पुरत नव्हतं आणि नुसतं नावही पुरत नव्हतं. दोन्ही लागत होतं. रक्त बदलता येत नाही. नाव इथे कुणालाही बदलता येतं. एक दस्त आणि दोन साक्षीदार पुरतात.

पण खरं कारण सांगून काय झालं ते तिने बघितलंच होतं. आणि वेडी ठरायची लाजही होती, ते कशाला नाकारा? म्हणून तिने थाप मारली. रोवनला म्हणाली, नेस्टाच्या वडिलांना मुलगा नाही, त्यांचं प्यू हे आडनाव त्यांच्याबरोबर बुडेल. टकर जगात हजारो आहेत, मी भिंतीवर रोज बघते. तू प्यू हो. माझी शेवटची मागणी समज.

 रोवन म्हणाला, “बाबांचं नाव सोडू? आणि हे तू सांगतेस?”

“मीच सांगते,” एव्हिस म्हणाली, आणि हेडलीची मनातल्या मनात क्षमा मागितली.

मे महिन्यात तिच्या स्वयंपाकघरात सह्या झाल्या. म्युरिएल आणि तिचा नवरा साक्षीला. दस्तावर आधी जुन्या नावाने सही करायची असते आणि मग नव्या. रोवन डावखुरा, त्याचं अक्षर लहानपणापासून कोंबडीने उकरल्यासारखं. त्याने पेन उजव्या हातात घेतलं. एव्हिसखेरीज कुणाच्या लक्षात आलं नाही. हळूहळू, दाबून, गोल गोल अक्षरात त्याने ‘टकर’ लिहिलं.

एव्हिसने टेबलाची कड धरली.

मग त्याने मान झटकली, पेन डाव्या हातात घेतलं आणि खाली खरडलं, ‘प्यू’. कोंबडीचे पाय. इतकं सुंदर अक्षर एव्हिसने जन्मात बघितलं नव्हतं.

आठवड्याने त्याचा फोन आला. दाढ अगदी गप्प आहे, म्हणाला. आणि गंमत म्हणजे कलाफर्डची ओढही राहिली नाही, नेस्टाच्या माहेरी स्वान्सीलाच घर बघतोय. आई, तुला वाईट वाटेल ना? एव्हिस म्हणाली, वाटेल. फोन ठेवून ती खोलीत गेली, त्याची लाल टाचणी उपटली आणि फायरप्लेसमध्ये टाकली. त्या दिवशी तिने दोन महिन्यांनी पोटभर जेवण केलं.

जुलैअखेर मुलगा झाला. ऑगस्टमधल्या एका दुपारी रोवनचा फोन आला. आवाजात लपवलेला आनंद होता.

“आई, बसलीयेस ना? काल बाळाच्या जन्माची नोंद केली. ग्विलिम टकर.”

एव्हिस आत्ता कुठे खाली बसली.

“नेस्टाच्या वडिलांनीच हट्ट धरला. म्हणाले, त्या बाईने नवऱ्याचं नाव माझ्यासाठी सोडायला लावलं, एवढं मन कुणाचं असतं? मला प्यू जावई मिळाला, भरून पावलो, आता नातू तिच्या नावाचा असू दे. रडू नकोस गं. आम्हाला माहीत होतं, तुला आवडेल.”

“बदला ते,” ती म्हणाली. “रोवन, आजच्या आज बदला.”

“पुन्हा त्याग नको आता,” तो हसला. “आणि अजून ऐक. स्वान्सीला झोपतच नाही गं हा. काल नोंद करून आलो तो रात्रभर रडला. सकाळी गाडीत घालून फिरवला, तरी तेच. खाडीवरचा पूल ओलांडून तुमच्या रस्त्याला लागलो आणि एकदम गप्प. टिव्हर्टनला पोचेपर्यंत हसायला लागला. रॅक क्लोजचं ते घर अजून रिकामंच होतं. आम्ही आत्ता तिथेच उभे आहोत.”

खिडकीतून एव्हिसला माळ दिसत होता. त्यावरची नवी लाल छपरं दिसत होती.

“थांब, तुला एक गंमत ऐकवतो,” रोवन म्हणाला. “आल्यापासून त्याचं हेच चाललंय. मुठी आपटतो, गाडीतून आणलेल्या पाळण्याच्या फळीवर. तीन आठवड्यांचं पोर, कुणी शिकवलं असेल?”

त्याने फोन पाळण्याशी धरला.

एक जड, एक हलका. मग थोडं थांबून, पुन्हा.